बारा घरं आणि एक पडदा

४ जानेवारी, रविवार

आज रत्नमालाताई दुकानात आल्या. नऊ वर्षांनी.

मी एका बारशाचं बॅनर करत होते. मान वर केली तर दारात त्याच. सुती साडी, खांद्याला झोळी. केस पार पांढरे झालेत. मंजुषानं खुर्ची दिली, पाणी दिलं. तिला काय माहीत. आमचं दोघींचं दुकान मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला. फ्लेक्स, पत्रिका, पाट्या असलं सगळं करतो. तीन वर्षांपासून खेळही बनवतो. शाळेच्या संमेलनात, कंपन्यांच्या मेळाव्यात जमिनीवर अंथरायचे मोठाले खेळ, ज्यात माणसंच सोंगट्या होतात. तसा एक त्यांना हवाय.

त्यांच्या संस्थेला तीस वर्षं होतायत. ८ फेब्रुवारीला कार्यक्रम. भाषणं नकोत म्हणाल्या. मेंढपाळाच्या, ऊसतोडीवाल्याच्या घरातली मुलगी शाळेपर्यंत कशी पोचते, ते पाहुण्यांनी स्वतः चालून बघावं. मी काही बोलायच्या आत मंजुषानं "हो जायेगा मॅडम" म्हणून टाकलं.

जाताना दारात थांबल्या आणि विचारलं, "अंबिका कशी आहे?"

मी म्हणाले, बरी आहे. त्या तोंडातून माझ्या बहिणीचं नाव ऐकलं आणि कानशिलं तापली. ह्या शहरात खेळ बनवणारी दुसरी माणसं नाहीत का? की मी सगळं विसरले असं वाटतं बाईला?

मी नाही म्हणणार नाही. खेळ बनवीन. असा बनवीन की तीस वर्षांचं नाव तिथंच, सगळ्या पाहुण्यांसमोर उतरेल.

६ जानेवारी, मंगळवार

सगळं एकदा लिहून काढते, म्हणजे डोकं थंड ठेवून काम करता येईल.

तेव्हा मी बावीसची. घरातली पहिली बी.ए., आणि ताईंच्या संस्थेत कार्यकर्ती. अंबिका दहावीत. आबा, म्हणजे आमचे वडील कारभारी, वर्षातले आठ महिने मेंढरांमागं. एका उन्हाळ्यात चाऱ्याची पंचाईत झाली तेव्हा पैठणकडच्या एका घरानं आमची मेंढरं त्यांच्या रानात बसू दिली. पुढं त्याच घरातून अंबिकाला मागणी आली. आबांना नाही म्हणायला जड गेलं. महिनाभर गप्प होते. मग एका सकाळी त्यांनी स्वतः अंबिकाला एसटीनं आणून संस्थेच्या वसतिगृहात सोडलं. मला म्हणाले, "परीक्षा होऊ दे तिची. त्यांना मी सांगतो, पोरगी शिकायलीय म्हणून. फक्त बोभाटा नको."

फेब्रुवारीत संस्थेची स्मरणिका निघाली. अठराव्या पानावर अंबिकाचा फोटो आणि वर मथळा: मेंढरांच्या बदल्यात विकली जाणारी मुलगी. खाली दारुडा बाप. अंधारात रानातून पळून आलेली पोर. निघताना कोकराला कवटाळून रडणं. लेखाखाली नाव रत्नमालाताईंचं.

आबांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता.

एका पेपरनं ते जसंच्या तसं उचललं. गावात चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचलं गेलं. पैठणची माणसं दारात येऊन वाट्टेल ते बोलून गेली. त्याच आठवड्यात आबांनी अंबिकाला वसतिगृहातून परत नेलं. परीक्षेला अकरा दिवस राहिले होते. ती बसलीच नाही. दोन वर्षांनी लग्न होऊन हर्सूलला गेली. आबांनी मेंढरं विकली. देवळात जाऊन बसायचं सोडलं. परवाच्या साली ते गेले, तोवर अंबिकाशी धड बोलले नाहीत.

मी संस्था सोडली त्या दिवशी ताई काहीतरी बोलायला म्हणून खोलीवर आल्या होत्या. मी दार लावून घेतलं.

मी त्यांना चार ओळींची माहिती दिली होती, एवढंच. बाकी सगळं त्यांचं.

११ जानेवारी, रविवार

खेळ जमलाय. तीन दिवस कागदावर पेन्सिलनं घरं मांडत होते.

जमिनीवर बारा घरं, प्रत्येक घर चार फुटांचं, विनाइलवर छापायचं. सहा जणांचा गट. एक जण मुलगी होऊन घरात उभा राहणार. बाकीचे पाच बाजूच्या खुर्च्यांवर: बाप, मामा, मास्तर, शेजारी आणि संस्था. फासा मोठा, फोमचा. तो ह्या पाच जणांनी टाकायचा. मुलीच्या हातात फासा कधीच द्यायचा नाही. तिनं फक्त चालायचं.

ताईंना इथवरच दाखवीन. खरा खेळ बाराव्या घरानंतर. तिथं एक टेबल, कोरे कागद, पेनं. प्रत्येक गटानं आपल्या मुलीची गोष्ट चार ओळींत लिहायची, संस्थेच्या स्मरणिकेसाठी. भिंतीवर लावायची. मग सगळ्या पाहुण्यांनी जी गोष्ट काळजाला भिडेल तिच्याखाली हिरवी टिकली चिकटवायची. लोक कशावर टिकल्या लावतील ते मला आत्ताच माहीत आहे. मार, अंधार, दारू.

टिकल्या मोजून झाल्या की मी विचारणार, जिंकलेल्या गोष्टीचं पुढं काय झालं बघायचंय? आणि पडदा ओढणार. मागं आठ फुटांचं अठरावं पान, ताईंच्या नावासकट. बाजूला माझ्या अक्षरात: बाप दारू पीत नव्हता. बापानंच मुलीला शाळेत आणून सोडलं होतं. ह्या पानामुळं मुलीची परीक्षा बुडाली.

अंबिकाच्या डोळ्यांवर काळी पट्टी टाकीन, नाव झाकीन. म्हणजे तिला काही त्रास नाही.

आज जेवण गोड लागलं. लई दिवसांनी.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीला गावी जाऊन आले. स्मरणिकेची प्रत हवी होती. आईनं ती पेटीत तळाशी, आबांच्या धोतराखाली ठेवलेली. काढून देताना एवढंच म्हणाली, "आता काय करायचंय त्याचं?" मी म्हणाले, दुकानाचं काम आहे. भाऊ भारत शेतात होता, भेटला नाही. बरं झालं, त्यानं जास्त विचारलं असतं.

खुलताबादहून परत येताना गाडीत पान उघडलं. अंबिका इतकी लहान दिसते. पुढचं वाचवेना, मिटून ठेवलं. उद्या स्कॅन करते.

२१ जानेवारी, बुधवार

दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिली चाचणी. शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाई, टेलर, त्यांची बायको असे जमवले. मंजुषाला मुलगी केलं. चौथ्या घरापर्यंत हसत होती. मामानं फासा टाकून तिला दोनदा मागं पाठवलं तेव्हा चिडली. शेवटी गोष्ट लिहायची वेळ आली तर टेलरभाऊंनी मुलीला थेट विहिरीतच उडी मारायला लावली. सगळ्यांनी टिकल्या त्यालाच लावल्या. जसं मी मांडलं होतं अगदी तसं.

लोक गेल्यावर मंजुषाला पडद्यामागचं दाखवलं, कारण पान छापायचं म्हणजे तिला कळणारच होतं. सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली की बाईचं जे व्हायचं ते होऊ दे, पण अंबिकाला विचारलंस का.

मी म्हणाले, तिच्यासाठीच तर करतेय.

"मैं वो नहीं पूछ रही," म्हणाली आणि मशीन बंद करून घरी गेली.

२५ जानेवारी, रविवार

मंजुषाचं तोंड बंद व्हावं म्हणून हर्सूलला जाऊन आले.

अंबिका अंगणवाडीत मदतनीस आहे. गोकुळ, तिचा नवरा, टेम्पो चालवतो. पाच वर्षांची संस्कृती ओट्यावर चिंचोके मांडत बसलेली. सासूबाई आत मेथी निवडत होत्या, म्हणून आम्ही दोघी तळ्याकडं चालत गेलो. मला वाटलं होतं ऐकून तिला बरं वाटेल. मी घरांचा कागद उलगडून दाखवला, फाशाचं सांगितलं. ती बघत होती.

"पोरीला फासा का नाय?"

मी म्हणाले, तीच तर गंमत आहे. मग पडद्याचं सांगितलं. तिनं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"ते पान नको लावू."

मी समजावलं. डोळ्यांवर पट्टी आहे, नाव नाही, कोण ओळखणार. आणि त्या बाईला कधी जाब विचारायचाच नाही का?

"मला नाय विचारायचा. घरी माहीत नाय ह्यातलं काही. इथं मी दहावीपर्यंत शिकलेली सून हाय, बस." मग म्हणाली, "ताई, नको लावू."

परतीच्या रिक्षात मी विचार करत होते. ती घाबरलीय. इतकी वर्षं दबून राहिली की माणसाला आपल्यावर अन्याय झाला हेसुद्धा कळेनासं होतं. एकदा सगळ्यांसमोर खरं आलं की तिलाच मोकळं वाटेल. तेव्हा कळेल तिला.

२६ जानेवारी, सोमवार

पान छापायला टाकलं. मंजुषा आज आली नाही, सुट्टी आहे म्हणून. मीच मशीन चालवलं.

३१ जानेवारी, शनिवार

रत्नमालाताई खेळ बघायला आल्या. बारा घरं चालून पाहिली, प्रत्येक घरात थांबून वाचलं. गुडघे दुखतात, तरी शेवटपर्यंत चालल्या. बाराव्या घराच्या पलीकडं पडद्याचा पाइप उभा केलेला होता. त्याच्याकडं बघत त्यांनी विचारलं, ह्याच्या मागं काय असणार. मी म्हणाले, शेवटचा भाग आहे, त्या दिवशीच कळेल.

त्या खुर्चीत बसल्या. "योगिनी, मी हे काम तुझ्याकडे का आणलं असेल, असं तुला वाटलं नाही का?"

मी म्हणाले, कुणीतरी पत्ता दिला म्हणालात.

"पत्ता माझ्याकडे सहा वर्षांपासून आहे." "तुला जे दाखवायचं ते दाखव. मी अडवणार नाही. तू लिहून दिलेलं ते दीड पान मी अजून जपून ठेवलंय. अधूनमधून वाचते."

त्या गेल्या. ही धमकीच आहे. त्या दिवशी मी पडदा ओढला की बाई झोळीतून तो कागद काढणार आणि म्हणणार, हिनंच लिहिलं होतं.

हो, दीड पान होतं. चार ओळी नव्हे. पहिल्यांदा मी खरं तेच लिहिलं होतं, आबांनी आणून सोडलं वगैरे. ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, माहिती चांगली आहे, थोडं जिवंत लिही. "जिवंत" हा त्यांचा शब्द. मी त्या संध्याकाळी पुन्हा लिहिलं. दारू मी घातली. पळून येणं मी घातलं. कोकरू खरं होतं, पण ते अंबिकानं मला एकटीला सांगितलं होतं. वाचून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, तुझ्यात लेखिका आहे. माझं नाव त्यांनी खाली घातलं नाही ह्याचाच तेव्हा मला राग आला होता.

पण बावीस वर्षांच्या पोरीनं लिहिलं म्हणून छापायचं? विचारायला नको होतं, खरं का म्हणून? त्या मोठ्या होत्या. दोष मोठ्या माणसाचाच.

काढू देत कागद. मी मागं हटणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

झालं.

सिडकोतलं सभागृह भरलेलं. वाळूजच्या कंपन्यांची माणसं, जिल्हा परिषदेचे साहेब, वसतिगृहात शिकून गेलेल्या बाया लेकरांसकट. पहिल्या गटात एक मॅनेजर मुलगी झाले. कोट घालून पहिल्या घरात उभे राहिले आणि हात पुढं करून म्हणाले, फासा? मी म्हणाले, तुम्हाला नाही. सगळे हसले. सातव्या घरात ते तिसऱ्यांदा मागं आले तेव्हा कुणी हसत नव्हतं. एक जुनी विद्यार्थिनी मुलगी होऊन दोन घरं चालली आणि तिनं पुढं जायला नकार दिला. खाली बसली. मला तेव्हाही काही वाटलं नाही. माझं लक्ष पडद्याकडं होतं.

गोष्टी भिंतीवर लागल्या. टिकल्या लागल्या. जिंकली ती एका पाहुण्या बाईंनी लिहिलेली. त्यात चाबूक होता. आमच्या खेळात चाबूक कुठंच नाही.

मी माइकवर विचारलं, पुढं काय झालं बघायचंय? लोक म्हणाले, हो. मी दोरी ओढली.

आधी कुजबूज. मग लोक वाचत वाचत पुढं आले. मग ताईंचं नाव दिसलं आणि शांतता झाली. नऊ वर्षं मी ह्याच शांततेची वाट बघत होते. रत्नमालाताई पहिल्या रांगेतून उठल्या, गुडघ्यावर हात टेकत वर आल्या, आणि माइक मागितला. मी दिला. आता कागद निघणार म्हणून मी त्यांच्या झोळीकडं बघत उभी.

त्या म्हणाल्या, "हे खरं आहे. हे छापण्याआधी मी त्या मुलीला विचारलं नाही. तिच्या वडिलांना एकदाही भेटले नाही. गोष्ट चांगली वाटली म्हणून छापली. त्यानंतर मी त्या घरी जायला हवं होतं, गेले नाही. संस्थेच्या कामातून आज मी बाजूला होते."

मागून कुणीतरी विचारलं, हे लिहिलं कुणी?

"खाली नाव माझं आहे ना," म्हणाल्या, आणि माइक परत माझ्या हातात दिला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी जिंकले. सगळं मी मांडलं तसंच झालं. घरी येऊन चहा केला, तो तसाच निवला.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून फोन. कुणी म्हणतं धाडस केलं, कुणी म्हणतं भरल्या कार्यक्रमात म्हाताऱ्या बाईचा अपमान केला. मला दोन्ही ऐकायला बरं वाटत होतं.

अकरा वाजता भारतचा फोन. पानाचा फोटो कुणीतरी काढून मोबाइलवर टाकलाय, आपल्या पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मी म्हणाले, डोळ्यांवर पट्टी आहे. तो म्हणाला, "अगं, हनुवटीवरचं गोंदण दिसतंय ना तिचं. आणि पान आठ फुटांचं, त्यावर मेंढरं, आबांचं नाव, गाव सगळं वाचता येतंय. तू बाजूला लिहिलेलं फोटोत आलंच नाय. नुसतं पान आलंय."

गावाचं नाव झाकायचं माझ्या लक्षातच आलं नाही. मला ताईंचं नाव स्पष्ट दिसायला हवं होतं, मी तेवढंच पाहत होते.

अंबिकाला सहा वेळा फोन केला. उचलला नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

अंबिका दुपारी दुकानात आली. एकटीच. मंजुषा न सांगता बाहेर गेली.

बसली नाही. उभ्यानंच बोलली, आवाज न चढवता. सासूनं ते पान दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवर पाहिलं. घरातून पळालेली पोरगी आमच्या गळ्यात मारली म्हणतायत. गोकुळ दोन दिवस जेवायला घरी आला नाही. अंगणवाडीत बायका येतात आणि बोलायच्या थांबतात.

मी म्हणाले, मी त्या बाईला धडा शिकवायला...

"बाईचं राहू दे. कोकराचं मी फक्त तुला सांगितलं होतं."

ती सांगत राहिली. आबांनी तेव्हा घरी विचारलं होतं, हे असलं खोटं त्या लोकांना कुणी सांगितलं. घरात सगळे होते, मी सोडून. अंबिकानं स्वतःचं नाव सांगितलं. मला नोकरीची गरज होती, माझं शिक्षण घरात सगळ्यांना मिरवायचं होतं, आणि तिला वाटलं, एकीचं तर वाचू दे. आबांनी तिला मारलं नाही. नुसतं बोलणं बंद केलं. सात वर्षं. ते गेले तेव्हा त्यांना हेच माहीत होतं की अंबिकानं आपल्याला दारुडा म्हटलं.

"तवा तू लहान होतीस, तुला कळलं नाय, असं मी मनाला सांगितलं," ती म्हणाली. "आता तर मी तुला नको म्हणलं होतं."

मी माफी मागितली नाही. मागायला तोंड कुठं होतं. मी विचारलं, आता काय करू. तिनं विचार करूनच ठेवला होता. रविवारी घरी ये. सासू आणि गोकुळपुढं एवढंच सांग, हे खोटं होतं आणि ते मी लिहिलं. आबांनी तिला स्वतः आणून सोडलं होतं. ह्याच्या पुढं एक शब्द नको. रडायचं नाय, समजावायचं नाय, त्या बाईचं नाव काढायचं नाय. "बाकीचं माझं मी बघीन."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मंजुषाबरोबर ते आठ फुटांचं पान फाडलं. फ्लेक्स हातानं फाटत नाही, कटरनं पट्ट्या कराव्या लागल्या.

एका पेपरवाल्याचा फोन आला होता, त्या मुलीची पूर्ण कहाणी हवी म्हणून. मी म्हणाले, मला माहीत नाही.

रत्नमालाताईंना फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. त्यांना काय म्हणायचं ते अजून ठरत नाही. त्या दिवशी तो कागद त्यांनी आणलाही नसेल.

१५ फेब्रुवारी, रविवार

हर्सूलला जाऊन आले. सासूबाई, गोकुळ, दोघं समोर. मी सांगितलं, तिनं सांगितलं होतं तेवढंच. रडले नाही. सासूबाईंनी विचारलं, "सख्ख्या बापाबद्दल असं लिहवलं कसं तुला?" उत्तर द्यायचं नव्हतं. गोकुळ उठून बाहेर गेला, आणि थोड्या वेळानं संस्कृतीला कडेवर घेऊन परत आत येऊन बसला. एवढंच. माफ केलं का, ठाऊक नाही.

उद्या गावी आईकडं. तिथंही हेच सांगायचंय. भारतला फोन करून ठेवलाय की घरी थांब.

निघाले तर अंबिका पायात चपला सरकवून माझ्याबरोबर आली. आम्ही तळ्याच्या कडेनं चालत राहिलो. तिनं नऊ वर्षांचं सांगितलं, आबांचं सांगितलं, आणि अशा एका गोष्टीचं, जी तिनं कुणालाच सांगितलेली नाही. मी मध्ये एकदाही बोलले नाही. ऊन उतरेपर्यंत ती सांगत होती.

काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.